आटे आणि हंडे

पहिल्या संध्याकाळी पोचल्या पोचल्या मी पाय धुतले. आटगाव स्टेशनवरून जीप, आणि जीप थांबली तिथून पुढे तासभर पायवाट. लाल धूळ गुडघ्यांपर्यंत चढली होती. पडवीच्या कोपऱ्यात रांजण, रांजणाशेजारी भरलेली बादली. हात सवयीने तांब्याकडे गेला. पाय धुतले, हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, मग चपला विसळल्या, मग पुन्हा पाय. बादली तळाला गेली. घरातली सून दारात उभी राहून बघत होती. ती काही बोलली नाही. भाकरी टाकायची थांबवून तिने तवा उतरवला, पदर खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि रिकामा हंडा घेऊन ती उतरणीला लागली. अंधार पडायला फार वेळ उरला नव्हता. झाडांच्या पलीकडे, नजर पोचेल तिथवर, तलावाचं पाणी पसरलेलं होतं.

ती परत आली तेव्हा कंदील लागला होता. "मी आणायला हवं होतं," असं काहीतरी मी म्हणाले. ती म्हणाली, "तुमाला वाट ठाव नाय, ताई," आणि पुन्हा चुलीपुढे बसली. तांदळाची भाकरी, चवळीची उसळ, लाल मिरचीची चटणी. मी जेवले, पण घास उतरत नव्हता.

ते पाणी तानसाचं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची नावं मला पाढ्यांसारखी पाठ आहेत. विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा. सातवं, मध्य वैतरणा, २०१४ मध्ये जोडलं गेलं, तेव्हा मी चाळिशीला आले होते. आधीची सहा मात्र बाबांनी लहानपणीच पाठ करून घेतली होती.

बाबा मुंबई महापालिकेच्या जलखात्यात चावीवाले होते. चावीवाला म्हणजे काय, हे हल्ली सांगावं लागतं. रस्त्यात लोखंडी झाकणं असतात. ते झाकण उचलायचं, छातीपर्यंत येईल एवढी लांब लोखंडी चावी खालच्या व्हॉल्व्हला बसवायची आणि तिच्या आडव्या दांड्याला धरून गोल फिरवायची. मग त्या गल्लीला पाणी येतं. किती आटे, म्हणजे चावीचे किती फेरे, उघडायचे हे ठरलेलं असतं. एका व्हॉल्व्हला वीस, दुसऱ्याला साठ. दोन आटे कमी पडले तर टेकडीवरच्या चाळीत पाणी चढत नाही, दोन जास्त झाले तर पुढच्या गल्लीचं जातं. वेळ संपली की तेवढेच आटे उलटे. आम्ही ठाण्यात कोपरीला राहायचो, त्यांची ड्यूटी मुलुंड-भांडुपकडे. पहाटे निघताना ते आईला म्हणायचे, "चाललो पाणी सोडायला." आटे मनातल्या मनात मोजायची त्यांना इतकी सवय होती की जिना चढतानाही ओठ हलत असत.

पावसाळ्यात वर्तमानपत्रात तलावांच्या पातळ्या छापून येतात. बाबा चहाआधी तो चौकोन वाचायचे आणि कालनिर्णयवर त्या तारखेच्या घरात पेन्सिलीने एकच आकडा लिहायचे, तानसाचा. तानसा काठोकाठ भरतो तो १२८.६३ मीटरला, टाउन हॉल डेटम नावाच्या मुंबईच्या स्वतःच्या मापाने. हा आकडा मला माझ्या शाळेच्या रोल नंबराइतका लक्षात आहे. तलाव सात असताना तानसाच का, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "तो म्हातारा आहे. आणि त्याचं पाणी उताराने येतं. पंप लागत नाही, काही नाही. डोंगरातून निघतं ते आपल्या आपण चालत येतं." त्यांच्या हातात रोज जे पाणी यायचं त्यात तानसाचं किती आणि दुसऱ्या तलावाचं किती, हे कोण सांगणार? पण ते तानसाच धरून चालायचे.

तानसा त्यांनी कधी पाहिला नाही. पाणी रोज सोडावं लागतं. दिवाळीला सोडावं लागतं, मुलीच्या लग्नाच्या सकाळीही कुणीतरी सोडावं लागतं. निवृत्त झाल्यावर "जाऊ एकदा" म्हणत राहिले, मग गुडघे गेले, मग बाकीचं. दोन वर्षांपूर्वी श्रावणात ते गेले. या मार्चमध्ये माझ्या पतपेढीतल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीने तलावाकाठचं खोपटं चार रात्रींसाठी मिळालं, तेव्हा मी एकटीच गेले.

ठाण्यापासून आटगाव साठेक किलोमीटर. कसारा लोकलने दीड तास. टिटवाळा, खडवली, वाशिंद, आसनगाव, आणि एकेका स्टेशनाला डबा रिकामा होत जातो. आसनगाव सोडलं की डावीकडे माहुली गडाचे सुळके दिसतात. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाही वाचवायची शेवटची झुंज याच गडावरून दिली. हा सगळा डोंगर आणि तलावाभोवतीचं रान मिळून तानसा अभयारण्य होतं. मी राहिले तो पाडा हद्दीबाहेरचा, ठाकर आदिवासींचा. आजी, तिची सून आणि बारावीला बसलेला नातू. मुलगा भिवंडीच्या गोदामात कामाला, आठवड्याने येणारा. खोपटं त्यांच्या शेताच्या टोकाला, घरापासून हाकेच्या अंतरावर.

सहा मेढींवर उभं असलेलं एवढंसं घर. सागाच्या मेढी, कारवीचे कूड, त्यावर शेणामातीचा लेप, वर कौलं. खाली सारवलेली जमीन, एक बाज, एक शिंकाळं, भिंतीत खुंटी. कूड आणि कौलं यांच्यामध्ये वीतभर मोकळी जागा सोडलेली, त्यातून रात्रभर वारा फिरतो. पाड्यात वीज आहे, खोपट्यापर्यंत तार आलेली नाही. मोहाच्या झाडाखालच्या कातळावर उभं राहिलं तर फोनला एखादी दांडी येते. मी तिथे दिवसातून एकदा जायचे, आईला "बरी आहे" सांगायचे आणि खाली यायचे.

ठाणं तलावांचं शहर म्हणतात. एकेकाळी साठेक तलाव होते, आता पस्तीसच्या आसपास उरलेत. मासुंदा माझ्या रोजच्या वाटेवरचा. कोपिनेश्वराच्या देवळापासून एक फेरी मारली की मन थाऱ्यावर येतं, हे मी कितीदा अनुभवलंय. कचराळीच्या काठावर माझं अर्धं वाचन झालं. त्या तलावांवर माझं फार प्रेम आहे. पण त्यांना कठडा आहे, दिवे आहेत, फिरायची वाट आहे, आणि त्यांच्याभोवती फेरी मारता येते. तानसाला फेरी नाही. पाण्याची एक बाही या डोंगराआड, दुसरी त्या खोऱ्यात. बसल्या जागेवरून त्याचा आकारच कळत नाही. मी चार दिवसांत त्याचा किती भाग पाहिला असेल? कोपराएवढा.

पहिली रात्र मी जागून काढली. भीती होती, ते सांगायला हवं. मार्चमध्ये साग निष्पर्ण होतो आणि त्याची ताटाएवढी पानं जमिनीवर वाळून पडलेली असतात. त्यावरून सरडा चालला तरी माणूस चालल्यासारखा आवाज होतो, आणि रात्री सरड्याहून मोठं बरंच काही चालत असतं. पलीकडच्या उतारावर भेकर ओरडलं, कुत्रा भुंकावा तसं, पण एकेक आवाज तोडून तोडून. नातवाने संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं, "ते वरडलं तर समजायचं वाघरू फिरतंय. पन इकडं येत नाय." वाघरू म्हणजे बिबळ्या. "इकडं येत नाय" हे वाक्य मी रात्रभर धरून बसले होते. मग कुठल्या तरी दगडावरून रातवा पक्षी बोलायला लागला. गोटी फरशीवर पडून टप, टप, टपटपटप करत थांबावी तसा त्याचा आवाज. एकदा ऐकू आला की पुढच्या वेळेची वाट बघणं सुरू होतं. त्या वाट बघण्यात भीती कधी उतरली ते कळलं नाही.

दुसऱ्या रात्री बाज बाहेर अंगणात घेतली. मृगातलं तिकांडं पश्चिमेला कललेलं, त्याच्या डावीकडे व्याध. एवढे तारे होते की ओळखीची नक्षत्रं गर्दीत हरवल्यासारखी शोधावी लागली. पण नैऋत्येला, क्षितिजाच्या वर हातभर, आभाळ पुसटसं नारिंगी होतं आणि तिथे तारे नव्हते. मला आधी वणवा वाटला. आजीला विचारलं. ती म्हणाली, "ते तुमचंच हाय, बाय. रोज आसतं." भिवंडी, ठाणं, मुंबई. बाबांच्या सगळ्या गल्ल्या त्या उजेडाखाली. इथून पाणी तिकडे जातं आणि तिकडून हा उजेड इथवर येतो. मी कितीतरी वेळ तिकडेच बघत पडले होते, डोक्यावरचं सगळं आभाळ सोडून.

आता पाण्याचं सांगते, कारण त्याच्याचसाठी लिहायला बसले आहे.

तलाव समोर असला तरी पाडा तलावातलं पाणी सरळ पीत नाही. मार्चपर्यंत पाणी मागे हटलेलं असतं आणि काठाला गाळ, शेवाळ, गुरांचे खूर. बायका काठापासून थोड्या अंतरावर मुरमात खड्डा करतात. त्यात पाणी पाझरून येतं, मुरमातून गाळून, थंड आणि स्वच्छ. हा झिरा. दिवस जातात तसं पाणी आणखी मागे सरकतं आणि झिरा पुन्हा खाली न्यावा लागतो. आजीच्या हिशोबाने माघात घरापासून झिऱ्याची वाट जेवढी असते, त्याच्या दुप्पट वैशाखात होते. पाड्याची विहीर होळीलाच तळ दाखवते. मग टँकर. शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे, मोडक सागर आहे, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते. हे मी वर्तमानपत्रात दर वर्षी वाचलं होतं. वाचून पान उलटलं होतं.

सात तलावांचा एकूण साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यात भातसाचा वाटा जवळजवळ निम्मा, तानसाचा साधारण दहावा. हे आकडे बाबांच्या वहीत होते आणि मला त्यांचा अभिमान वाटायचा, अजूनही वाटतो. १८६० मध्ये विहारचं पाणी मुंबईत आलं, १८७९ मध्ये तुळशी, आणि तेही पुरेना म्हणून शहर एवढं लांब आलं. १८९२ साली तानसाची दगडी भिंत पुरी झाली, अडीच किलोमीटरपेक्षा लांब. यंत्रं बेताची असलेल्या काळात माणसांनी इथले दगड घडवून ती बांधली, आणि ती अजून उभी आहे. भिंतीकडे जायला परवानगी लागते, म्हणून मी गेले नाही. पण सकाळी काठावर बसलं की पाण्यातून वर आलेल्या आखीव रेषा दिसायच्या. भातखाचरांचे बांध असतात ना, तशा. एका ठिकाणी दगडांची चौकोनी रांग होती, कुणाच्या घराचं जोतं असेल असं वाटण्याजोगी. आजीला विचारलं तर म्हणाली, "आमच्या सासऱ्याचा आजा सांगायचा म्हनं, खाली वावर होतं." त्यापुढे तिला माहीत नव्हतं आणि तिने काही जोडलंही नाही.

तिसऱ्या दिवशी मी सुनेबरोबर झिऱ्यावर गेले. हंडा पेलणार नाही म्हणून तिने मला कळशी दिली. करवंटीने पाणी भरायचं, घाई करायची नाही. झिरा ढवळला की वेळभर थांबावं लागतं. दोन बायका आमच्या आधी बसल्या होत्या. त्यांच्यात एक ठरलेलं आहे: कुणी तळ खरवडायचा नाही, पाणी करवंटीभर राहू द्यायचं म्हणजे पुढचं लवकर पाझरतं. हे कुठे लिहिलेलं नाही आणि कुणी मोडताना मी पाहिलं नाही. मी कमरेवर कळशी घेऊन चढायला लागले. उतरताना जी वाट सोपी होती ती चढताना संपेना. तीनदा टेकवली. पाणी डचमळून साडी भिजली आणि वर पोचले तेव्हा कळशी गळ्यापर्यंत उरली होती. सून दोन हंडे डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन माझ्या पुढे पोचली होती, थेंब न सांडता. पाण्याला वजन असतं हे मला पन्नासाव्या वर्षी कमरेत कळलं.

त्या दिवसापासून मी एका कळशीत अंघोळ करायला लागले. जमते. आधी दोन तांबे अंगावर, मग साबण, मग उरलेलं हळूहळू, खांद्यावरून सोडत. खोपट्यामागे दगडावर बसून, भोवती कुडाचा आडोसा, वर उघडं आभाळ. ते पाणी अळूच्या वाफ्याकडे जायचं. आयुष्यात एवढी सावकाश, एवढी लक्ष देऊन अंघोळ मी केलेली नाही.

त्याच दुपारी आजीला बाबांबद्दल सांगितलं. ती अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. मी चावी सांगितली, आटे सांगितले, टेकडीवरची चाळ सांगितली. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे तुजा बाप बी मोजायचा."

"तुम्ही काय मोजता, आजी?"

"हंडे. रोजचे अकरा. तू आल्यापासून चौदा." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पोळ्या किती लाटायच्या ते सांगावं तसं तिने सांगितलं. सून घरात आली ते वर्ष, नातू झाला ते वर्ष, नवरा आजारी होता तो उन्हाळा, या सगळ्यांचे हंडे तिला आठवतात. आजारपणाच्या उन्हाळ्यात सोळा लागायचे. "तेवा झिरा पार खाली. मी एकटी." एवढंच बोलून ती पुन्हा फुलं पसरायला लागली. माझे बाबा आणि ही बाई, दोघांनी एकाच पाण्याच्या दोन टोकांना जन्म काढला. मला वाटतं, भेटले असते तर त्यांचं चांगलं जमलं असतं. दोघंही मोजताना बोलत नसत.

मोहाचं थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. मार्चच्या पहाटे मोहाची फुलं गळतात. दाट, पिवळट पांढरी, मण्यांसारखी, टपटप पडत राहतात आणि उजाडायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं, पाखरं, हरणं येतात. आम्ही निघायचो तेव्हा दक्षिणेला विंचवाचं नक्षत्र आकडा वळवून उभं असायचं. झाडाखालची जमीन आधीच झाडून ठेवलेली. टोपल्या भरेपर्यंत कुणी बोलत नाही. वास गोड, थोडा आंबूस, केसांत बसतो तो दिवसभर जात नाही. नातू वेचता वेचता सागाच्या उघड्या फांद्यांकडे बघत असायचा. त्याला वनपिंगळा दाखवायचा होता मला. हे छोटं घुबड जगातून संपलं असं शतकभर मानलं जात होतं. १९९७ मध्ये ते नंदुरबारकडे शहाद्याजवळ पुन्हा सापडलं, आणि २०१४ मध्ये इथे, तानसाच्या रानात. दिवसाही वावरणारं घुबड, म्हणून उजाडताना दिसायची शक्यता. चारही सकाळी आम्ही माना वर करून फिरलो. दिसला नाही. पोराचा चेहरा उतरला, तर मीच त्याला म्हटलं, असू दे, तो आहे एवढं पुष्कळ आहे. आणि खरोखरच मला तसं वाटलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी काठावर एकटीच बसले होते. टिटवी उगाचच ओरडत होती. पाणी इतकं स्थिर की पलीकडचा डोंगर उलटा, जसाच्या तसा. बाबांच्या अस्थी आम्ही नाशिकला सोडल्या होत्या, त्याचं मला काही वाईट वाटत नाही. बरोबर आणलेलं काही नव्हतं, करायचा विधी नव्हता. मी फक्त पाण्याकडे बघून मोठ्याने म्हटलं, "बाबा, हा तानसा." आवाज विचित्र वाटला. मग तिथेच बसून राहिले, अंधार पडून नैऋत्येचा उजेड दिसायला लागेपर्यंत.

निघायच्या दिवशी सकाळी रांजण भरायला मी तीन खेपा केल्या, माझ्या नावचे जे तीन हंडे वाढले होते तेवढ्या. कळशीच्या तीन खेपा म्हणजे हंड्याच्या तीन होत नाहीत, ते मला आणि आजीला दोघींनाही माहीत होतं. तिने रांजणाचं झाकण उचलून धरलं आणि प्रत्येक खेपेला मोजलं. एक. दोन. तीन.

ठाण्याला परतल्यावर आमच्या इमारतीत काही बदललं नाही. पाणी सकाळी येतं, टाकी भरते, नळ वाहतात. मी भांडी घासताना नळ बंद करते, एवढंच, आणि बादलीत पाणी पडताना कान तिकडे असतो.

जुलैच्या अखेरीस एका सकाळी वर्तमानपत्रात तो चौकोन बघितला. तानसा, १२८.६३. बाबा गेल्यापासून कालनिर्णयवर कुणी आकडा लिहिला नव्हता. पेन्सिल शोधायला वेळ लागला. लिहिला. मग नातवाला फोन लावला. तो मोहाखालच्या कातळावरच उभा असावा. पावसाचा आवाज त्याच्या आवाजाहून मोठा होता. "परवा रातीच भरला," तो ओरडून सांगत होता, "सांडव्यावरनं चालू झालंय. झिरा पार बुडला. आता वहळाचं पानी, दारातच!" मागून आजी काहीतरी म्हणत होती. त्याने फोन तिच्याकडे दिला. तिला फोनवर बोलायची सवय नाही, ती नेहमी पहिल्यांदा नुसती श्वास घेत उभी राहते.

मग तिने विचारलं, "तुमच्याकं आलं का पानी?"

"आलं, आजी."